चोरीचा माल परत मिळण्याबाबत

ती. अक्का यांना,

साष्टांग नमस्कार. (तो मनाने केला असं समजावं. गुडघ्यांनी गेल्या वर्षीच परवानगी काढून घेतली आहे.) तुमची प्रकृती कशी आहे? डोळ्याचं पाणी थांबलं का? डॉक्टरांनी दिलेले थेंब तुम्ही डोळ्यात घालता की नुसते खिडकीत मांडून ठेवता, हे विचारायचं काम आता माझ्याकडे आलं असं मी धरून चालतो, कारण विचारणारं माणूस गेलं. माझं ठीक आहे. ठीक म्हणजे जेवतो, झोपतो, सकाळी उठतो आणि उठल्यावर पुढे काय करायचं असतं ते आठवत बसतो. चार महिन्यांत वजन साडेतीन किलो उतरलं. घरचा काटा मी स्वतः तपासलेला असल्यामुळे त्यात शंकेला जागा नाही.

पत्राचं कारण साधंच आहे. हिचे दोन स्वेटर, वाचायचा चष्मा आणि लोकरीची पेटी तुमच्याकडे पाठवायची की इथे कुणाला द्यायची, एवढंच विचारायचं होतं. ते एका कार्डावर मावलं असतं. पण मध्यंतरी माझ्या हातून एक चूक झाली आहे, आणि चूक झाली की ती सांगायची एकच जागा मला चौतीस वर्षं माहीत होती. तेव्हा तुम्हाला सांगतो. रागवायचं असेल तर पत्र पुरतं वाचून झाल्यावर रागवावं.

हिचं तेरावं झालं, तुम्ही परत गेलात आणि शेजारचे लोक भेटायला येऊ लागले. भेटायला आलेल्या माणसाशी काय बोलायचं हे मला कधीच कळलेलं नाही. ते गप्प बसत, मी गप्प बसे, चहा गार होई. पहिले आले खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर. वीस मिनिटं बसले, दोनदा "फार वाईट झालं" म्हणाले, उठले, दारात बूट घालता घालता खिशातून अंगठ्याएवढा पेन ड्राइव्ह काढून हळूच म्हणाले, "विचारायची ही वेळ नाही, पण वहिनींचा बासष्टावा झाला होता का हो?" मला वाटलं दाताबद्दल बोलतायत. मी "बघतो" म्हणालो. (बासष्टावा दात कुणालाच नसतो हे दार लावल्यावर सुचलं.) दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या शिलाईवाल्या बाई आल्या, खूप रडल्या, डोळे पुसायला रुमाल सोडला तर त्याच्या गाठीत पेन ड्राइव्ह. तिसऱ्या दिवशी जिन्याखालचा चावीवाला आला. त्याने दोन आणले होते, एक स्वतःचा आणि एक मेहुण्याचा, आणि मेहुण्याला येता आलं नाही म्हणून त्याचंही दुःख तोच सांगून गेला. असे त्या आठवड्यात नऊ घरांतून लोक सांत्वनाला आले आणि अकरा पेन ड्राइव्ह टेबलावर जमले.

तुम्हाला हे सगळं आधीपासून माहीत होतं हे आता कळतंय. मला नव्हतं. ही रोज दुपारी मागच्या खोलीत कानाला हेडफोन लावून टाइप करत बसायची, एवढंच मी पाहत होतो. जन्मभर ऑफिसात टंकलेखन केलेल्या बाईची बोटं निवृत्तीनंतर शिवशिवत असतील, अशी मी समजूत करून घेतली होती आणि त्यावर अधिक चौकशी केली नव्हती. ती काय करत होती ते मला चावीवाल्याने समजावलं. परदेशातल्या मालिका कुठल्याशा साइटवरून फुकट उतरवून घ्यायच्या, त्यातल्या बोलण्याचा आपल्या भाषेत तर्जुमा करायचा, त्या ओळी चित्राच्या खाली पक्क्या बसवायच्या, आणि तो माल बिल्डिंगभर वाटून पुन्हा त्याच साइटवर चढवायचा, म्हणजे बाहेरच्यांचीही सोय. त्यातली एक मालिका फारच लोकप्रिय होती म्हणे. कुठल्याशा बर्फाळ बेटावर एक पशुवैद्य बाई असते, ती गाई तपासता तपासता खून उघडकीला आणते. एकूण भाग बासष्ट. पैकी एकसष्ट बिल्डिंगने पाहिले होते आणि बासष्टाव्यासाठी सगळे अडकले होते.

अक्का, एकतीस वर्षं मी लोकांचे तराजू तपासले. खोटं वजन सापडलं तर दुकानदार कितीही ओळखीचा असो, मी त्याचा चहासुद्धा घेतला नाही. आणि माझ्या मागच्या खोलीत अकरा वर्षं चोरीच्या मालाचं गोदाम चालू होतं. बरं, तो कॉम्प्युटरही धुतल्या तांदळासारखा नव्हता. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात "ही प्रत अस्सल नाही" असं कायम लिहिलेलं असायचं. मी एकदा विचारलं होतं. ही म्हणाली, कंपनीवाले मोठे नम्र आहेत, स्वतःबद्दल असंच लिहितात. मी ते मान्य केलं. (कंसात लिहायची ही सवय मला पूर्वी नव्हती. का लागली ते पुढे येईल.)

मग मी जे केलं ते खात्याच्या रीतीने केलं. आमच्याकडे खोटं वजन नुसतं जप्त करत नाहीत, ते मालकासमोर फोडतात, म्हणजे ते फिरून गल्ल्याखाली जात नाही. मी बाजारातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या बाईंना बोलावलं आणि सांगितलं, फोटो तेवढे बाजूला काढा, बाकी सगळं असं पुसा की परत येता कामा नये. त्यांनी तीनदा विचारलं, "काका, आठवण म्हणून काही ठेवायचं?" मी तिन्ही वेळा म्हणालो, चोरीच्या मालाची आठवण कसली ठेवायची? त्यांनी पुसून त्यावर काहीबाही लिहून पुन्हा पुसलं. असं सात वेळा. सात हा आकडा माझाच. मग अस्सल प्रत घालून घेतली. कोपऱ्यातली अक्षरं गेली आणि मला बरं वाटलं. ते वाटणं एकूण सोळा दिवस टिकलं.

त्यानंतर नऊ घरांना टेबलापाशी बोलावलं. लोक आले, कारण त्यांना वाटलं बासष्टावा मिळणार. मी प्रत्येकाचा पेन ड्राइव्ह त्याच्यासमोर रिकामा केला, घरच्या कॉम्प्युटरवर काही ठेवलं असेल तर तेही जाऊन पुसून आलो आणि "माल नष्ट केला" अशी सहीची पावती दिली. दातांच्या डॉक्टरांनी पावती घेतली आणि ती एखाद्या वाईट एक्स-रेसारखी उजेडात धरून बघत बसले. शिलाईवाल्या बाई म्हणाल्या, "अहो, एवढं तर माझ्या नवऱ्याने घर सोडून जाताना नेलं नव्हतं." चावीवाला नुसता माझ्याकडे बघत राहिला. कुलूप तोडायला बोलावलेल्या घरात आतून माणूस निघाला तर तो असा बघत असेल. त्या साइटबद्दलही मी मालिकेच्या मूळ कंपनीकडे रीतसर तक्रार नोंदवली. कंपनीने आभार मानले, महिनाभर मालिका फुकट बघायची सवलत दिली आणि अकराव्या दिवशी साइट बंद पडली. माझ्या उभ्या नोकरीत कुठल्याही तक्रारीचा निकाल इतक्या लवकर लागलेला नाही. त्याच सुमारास तुम्हालाही ते पत्र लिहिलं, की हिने तुम्हाला दिलेला पेन ड्राइव्ह बेकायदेशीर असून तो पुसून तसं कळवावं. तुमचं उत्तर आलं, "सांगितल्याप्रमाणे पुसला." मी ते फाइलला लावलं.

आता शेजाऱ्यांचं नुकसान झालं होतं हे मलाही कळत होतं. म्हणून कंपनीच्या सवलतीतून मी सगळ्यांना रविवारी चार वाजता पहिला भाग बघायला बोलावलं. कायदेशीर. चहा, बिस्किटं, खुर्च्या डॉक्टरांच्या वेटिंग रूममधून आणलेल्या. मालिका चांगली होती, चित्र स्वच्छ होतं, खालच्या ओळीही कंपनीने आपल्या भाषेत अधिकृत दिलेल्या होत्या. पण कुणी हसेना. बाराव्या मिनिटाला बेटावरचा पोस्टमास्तर आला. उंच, गप्प माणूस. पशुवैद्य बाई त्याला विचारते की काल रात्री पोस्टात कोण आलं होतं, आणि तो काही न बोलता पार्सल काट्यावर ठेवतो, उतरवतो, पुन्हा ठेवतो. खाली ओळ नव्हती, कारण कुणी बोलतच नव्हतं. तेवढ्यात दातांचे डॉक्टर सवयीने पुटपुटले, "दोनदा मोजतोय. आमच्याकडेही असंच, बटाटेसुद्धा." आणि सगळी खोली हसली. मग एकदम सगळ्यांना मी दिसलो आणि खोली गप्प झाली.

मी विचारलं, हे कुठून आलं? शेवटी शिलाईवाल्या बाई म्हणाल्या, "वहिनी लिहायच्या ना कंसात."

अक्का, ती नुसता तर्जुमा करत नव्हती. मालिकेत कुणी गप्प बसलं की ती तिथे कंस उघडून स्वतःचं बोलायची. आणि सगळ्यात जास्त गप्प बसणारा तो पोस्टमास्तर, त्यामुळे त्याच्या खाली सगळ्यात जास्त कंस. बायकोने विचारलं रस्सा कसा झालाय, तो म्हणतो ठीक. खाली हिची ओळ, "(म्हणजे फार आवडलाय. कृती लिहून ठेवा.)" तो काउंटरवर नुसता उभा असतो. "(बोलेल. थांबा जरा. मी तेहतीस वर्षं थांबलेय.)" खुनी पहिल्यांदा दारात येतो. "(हाच. मागाहून म्हणाल सांगितलं नाही.)" पोस्टमास्तरची बायको एकटीच चिडून भांडी आपटते. "(असा नवरा असला की भांडणात दोन्ही बाजू आपणच मांडायच्या. मी त्याची बाजू जास्त चांगली मांडते.)" मला चावीवाला भेटला की "काय पोस्टमास्तर, बरं ना?" म्हणायचा, आणि मी दर वेळी थांबून त्याला सांगायचो की मी पोस्टात नव्हतो, वजनमापं खात्यात होतो. सात वर्षं सांगत होतो. तो दर वेळी "हो का?" म्हणायचा. आता कळलं की अख्खी बिल्डिंग मला त्याच नावाने ओळखते, आणि साइटवरून कुठकुठल्या मुलखातली न पाहिलेली माणसंसुद्धा मी वर्तमानपत्राची घडी कशी घालतो ते जाणून आहेत. चौतीस वर्षांत ती माझ्याशी जेवढं बोलली नसेल तेवढं माझ्याबद्दल बोलली, आणि ते मी सात वेळा पुसलं.

लोक गेल्यावर मी खुर्च्या डॉक्टरांकडे परत पोचवल्या. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी दुरुस्तीवाल्या बाईंच्या दारात उभा होतो. त्यांनी ऐकून घेतलं, खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "काका, तीनदा पुसलं असतं तरी नसतं आलं. तुम्ही तर सात वेळा." मी विचारलं, एखादा सुटा कंस तरी? त्या म्हणाल्या, कंस सुटे नसतात. त्या शहाण्या बाई आहेत, त्यांनी त्या दिवशी दुसरं गिऱ्हाईक बराच वेळ आत घेतलं नाही. मग मी कंपनीला लिहिलं की अमुक तारखेच्या माझ्या तक्रारीवरून बंद झालेल्या साइटवरचा माल चोरीचा असला तरी त्यातले कंस माझ्या पत्नीचे आहेत, तेवढे परत मिळावेत. कंपनीने पुन्हा आभार मानले आणि आणखी कुठली बेकायदेशीर साइट माहीत असल्यास कळवावी अशी विनंती केली. नऊ घरांपैकी कुणीतरी मला फसवून एखादी प्रत ठेवली असेल, अशी आशा धरून मी पुन्हा दारोदार गेलो. कुणी ठेवली नव्हती. सगळ्यांनी माझ्या पावत्या मात्र जपून ठेवल्या आहेत. डॉक्टर म्हणाले, "तुमच्यासारख्या माणसाला फसवायला धीर होत नाही हो." एकतीस वर्षं मी हेच ऐकायची वाट पाहत होतो, आणि ऐकलं ते या कामी.

तेव्हापासून मी एक वही घेऊन फिरतो. ज्याला जो कंस आठवतो तो लिहून घेतो. दोन माणसांची साक्ष जुळली तरच शाईने, एरवी पेन्सिलने. आतापर्यंत शाईचे एकोणचाळीस झाले, पेन्सिलचे शंभरावर. पण लोकांच्या आठवणीची मापं फार वेगवेगळी असतात. एका भागात पोस्टमास्तर त्या पशुवैद्य बाईच्या दाराशी छत्री ठेवून न सांगता निघून जातो. तिथे डॉक्टरांच्या मते ओळ होती, "(ही माणसं बोलत नाहीत, छत्री ठेवून जातात.)" शिलाईवाल्या बाई म्हणतात, त्यापुढे "कळलं तर कळलं" असंही होतं. चावीवाला म्हणतो, तसं नव्हे, "मला कळतं" असं होतं. तिघांचं माझ्यासमोर कडाक्याचं भांडण झालं. मी तिन्ही पेन्सिलने लिहून ठेवलं आहे. या तिन्हींत फार फरक आहे, अक्का, आणि कुठलं शाईने गिरवायचं ते विचारायला मला कुणी नाही.

सवलतीचा महिना संपायच्या दिवशी दुपारी मी एकट्याने बासष्टावा भाग पाहिला. खुनी सापडला. (दारात आला होता तोच.) शेवटी पोस्टमास्तर निवृत्त होऊन बेट सोडून निघतो. धक्क्यावरच्या बाकावर तो आणि त्याची बायको बोटीची वाट बघत बसतात. कुणी काही बोलत नाही. दोन मिनिटं अकरा सेकंद. मी घड्याळ लावून चारदा मोजलं. एवढा वेळ दोघं समुद्राकडे बघत बसतात, आणि कायदेशीर प्रतीत खालची पट्टी रिकामी राहते. मग बोटीचा भोंगा वाजतो आणि संपतं.

एवढी मोठी रिकामी जागा हिने सोडली असेल हे शक्यच नाही. दोन मिनिटं अकरा सेकंदांत ती काय काय बोलली असती! ती आजारी पडायच्या पंधरा दिवस आधी एका दुपारी मागच्या खोलीच्या दारात येऊन म्हणाली होती, "एक शेवटचा भाग राहिलाय, बघता का माझ्याबरोबर?" मी बहुतेक विजेचं बिल तपासत होतो. मी "बघू" म्हणालो. ती हसून आत गेली आणि पुन्हा टाइप करायचा आवाज सुरू झाला. त्यानंतरच लिहिली असेल ती ओळ. किंवा आधीच लिहिली असेल. साक्षीदार नाही. शिलाईवाल्या बाईंना ती एवढंच म्हणाली होती, "अक्का येतेय, बासष्टावा तिला आधी दाखवते, मग तुम्हाला." तुम्ही आलात, पाहिलात, सगळे बासष्ट भाग घेऊन गेलात, आणि पुढच्या आठवड्यात ती अंथरुणाला खिळली. बाकी कुणाला तो मिळालाच नाही.

असो. तुम्ही तो पुसला आहे, आणि तो मीच पुसायला लावला, तेव्हा तुम्हाला दोष नाही. एवढंच सांगायचं होतं. स्वेटरचं काय ते कळवावं. निळा थोडा कोपरावर विरला आहे, करड्याला काही झालेलं नाही. लोकरीत एक अर्धवट विणलेला मोजा आहे, तो कुणासाठी होता ते ठाऊक असल्यास सांगावं. माप माझ्या पायाचं नाही. डोळ्यांना जपा.

तुमचा आज्ञाधारक,
धाकट्या बहिणीचा नवरा

ता. क. दाराला आतून दुसरी कडी बसवून घ्या म्हणून मी तुम्हाला अठरा वर्षं लिहीत होतो. "सांगितल्याप्रमाणे बसवली" असं तुम्ही तीनदा कळवलंत. मागे तुमच्याकडे आलो होतो तेव्हा मी दार लावताना पाहिलं, कडी नव्हती. मी तेव्हा काही बोललो नाही. तुमची तिन्ही पत्रं फाइलमध्ये आहेत, आणि परवा त्यांच्याशेजारी तुमचं पेन ड्राइव्हचं पत्र ठेवून पाहिलं. वाक्यरचना तीच आहे. यावरून मला काही म्हणायचं नाही. पण माझं मागचं पत्र रद्द समजावं, आणि पेन ड्राइव्ह असेल त्या डब्यात, असेल त्या कपाटात, तसाच ठेवावा. पोस्टाने पाठवू नये. मी येतो.

आणखी ता. क. आलो तर माझ्याबरोबर बघायला बसाल का? एकट्याने नको वाटतं. सगळे बासष्ट. वेळ लागेल, पण माझ्याकडे आहे. मधे मधे मी काही बोललो नाही तर गैरसमज करून घेऊ नये.

शेवटचं. खरंच पुसला असेल, तर मात्र तसं कळवू नका. "शोधतेय, सापडत नाहीये" एवढंच लिहा, आणि दर दोन-तीन महिन्यांनी लिहीत राहा.